पडद्यावरचा निळा रंग गेला तेव्हा



गेल्या आठवड्यात बागेची एकही नोंद टाकली नाही, म्हणून दोघा-तिघांचे फोन आले. भुरी आली काय, डाऊनी आली काय, का तुम्हीच आजारी पडलाय. तसलं काही नाही. घरातल्या संगणकाच्या मागचं, पडद्याची केबल लागते ते सॉकेट मोडलं होतं. चार दिवस त्यात गेले. शेवटी घरीच दुरुस्त झालं. कसं झालं ते आज सविस्तर लिहितो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात असला एखादा जुना डबा कोपऱ्यात बसलेला असतो आणि दुकानदार "बोर्ड गेला" म्हणाला की आपण मान हलवून घरी येतो.

आमचा संगणक २०१२ सालचा. बेदाण्याचे पैसे आले तेव्हा थोरल्या लेकीसाठी घेतला होता. ती तेव्हा आठवीत. अभ्यासाला म्हणून घेतला, पण दुसऱ्याच महिन्यात तिने त्यात बागेचं रजिस्टर चालू केलं. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, किती पाणी, कोणी मारलं, पाऊस किती. मी रात्री डायरीतनं सांगायचो, ती टाइप करायची. ती लग्न होऊन कऱ्हाडला गेली त्यालाही आता तीन वर्षं झाली. तेव्हापासनं दर रविवारी मीच दोन बोटांनी चढवतो. ऑक्टोबर छाटणी कोणत्या साली कधी घेतली, कोणत्या प्लॉटला घड कमी निघाले, कोणत्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस पडला, ते सगळं त्यात आहे. दर गुढीपाडव्याला पेन ड्राइव्हवर नक्कल काढून ठेवतो. पण या हंगामाचं, म्हणजे छाटणीपासून पुढचं, फक्त त्या डब्यात.

आणि आता हंगाम तोंडावर. थॉमसनच्या मण्यात पाणी उतरलंय. युरोपला माल द्यायचा म्हणजे अपेडाच्या ग्रेपनेटवर बागेची नोंद लागते, फवारणीचं रेकॉर्ड लागतं, काढणीआधी मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि औषधाचा अंश मर्यादेत आहे असा अहवाल आला तरच माल उचलतात. निर्यातदाराचा माणूस शुक्रवारी रेकॉर्ड बघायला येणार होता. डायरीत तारखा होत्या, पण औषधांचे बॅच नंबर आणि बिलांचे नंबर संगणकात.

माघात पुतण्याचं लग्न आहे, म्हणून पौषातच घराला रंग काढला. सोमवारी रंगवाल्या पोरांनी टेबल ओढलं. केबल भिंतीच्या खिळ्यात अडकली होती, ती काही सुटली नाही, आणि डबा आडवा झाला. पोरं बिचारी घाबरली. मी म्हटलं, रंग सांडला नाही ना, मग चालू द्या. संध्याकाळी संगणक लावला तर चालू झाला, पंखा फिरला, पडदाही आला. पण सगळं पिवळं. पांढरा कागद असतो एक्सेलचा, तो कावीळ झाल्यासारखा. अधूनमधून थरथरायचं आणि मग काळं.

मंगळवारी डबा गाडीवर बांधून तालुक्याला नेला. दुकानदाराने मागून टॉर्च मारली, सॉकेट बोटाने हलवून बघितलं आणि म्हणाला, "काका, बोर्ड गेला. ह्या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाय. नवीन घ्या, बावीस हजारात बसवून देतो." मी विचारलं, नुसतं सॉकेट बसत नाही का. तर म्हणाला, "कोण करत नाय आता ते." त्याचंही खोटं नाही. दोन तास मान मोडून बसायचं आणि गिऱ्हाइकाकडनं तीनशे रुपये घ्यायचे, ते त्याला परवडत नाही. पण आम्हाला बावीस हजार परवडत नाहीत, हेही तितकंच खरं. माल गाडीत चढेपर्यंत द्राक्षवाल्याच्या हातात पैसा नसतो, आणि इकडे दारात मांडव.

डबा परत आणला. रात्री लेकीचा फोन आला. तिला पुतण्यानं सांगितलं होतं. म्हणाली, "बाबा, भंगारात घालू नका हां त्याला. मी सुट्टीला येते, बघू." म्हटलं, तू येईपर्यंत बाग खाली होईल.

आता मुद्द्याचं. पहिली गोष्ट, पडदा गेला म्हणजे हिशेब गेला असं नसतं. हिशेब असतो हार्ड डिस्कवर, ती डब्यात वेगळ्या जागी स्क्रूनं बसवलेली असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळं दिसतं. गावातल्या महा-ई-सेवा केंद्रातला पोरगा हे करून द्यायला तयार होता. त्याला सांगून ठेवलं, गुरुवार संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर डिस्क घेऊन येतो. एवढी एक वाट मोकळी ठेवली की हात थरथरत नाही. दुसरी गोष्ट, डब्याच्या मागे पडद्यासाठी दुसरं एखादं सॉकेट आहे का ते बघा. नव्या डब्यांना एचडीएमआय असतं, काहींना पांढरं डीव्हीआय असतं. ते असेल तर प्रश्नच मिटला, केबल बदलली की काम झालं. आमच्या डब्याला एकच, निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए.

हे व्हीजीए काढलं आयबीएम कंपनीनं १९८७ साली. म्हणजे आमची दहावी झाली त्याच सुमाराचं. तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच पिना, आणि भोवती इंग्रजी डी अक्षरासारखं पत्र्याचं कडं, म्हणजे उलटं बसू नये. पहिल्या ओळीतली एक नंबरची पिन लाल रंग नेते, दोन नंबरची हिरवा, तीन नंबरची निळा. त्यांच्याच खाली सहा, सात, आठ ह्या त्या तीन रंगांच्या परतीच्या तारा. तेरा आणि चौदा पडद्याची ओळ आणि पान कधी सुरू करायचं ते सांगतात. बारा आणि पंधरावरून पडदा आपली ओळख संगणकाला सांगतो, मी एवढा रुंद, एवढा उंच. बाकीच्यांतल्या काही जमिनीच्या. नऊ नंबरची, म्हणजे मधल्या ओळीतली शेवटून दुसरी, पुष्कळ केबलींना मुळातच नसते. ती नाही म्हणून तुटली असं धरू नका.

एवढं कळलं की रंगावरून रोग सांगता येतो. आपण पानावरून नाही का ओळखत? जुनं पान पिवळं पडलं तर नत्र बघतो, कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या तर लोह. इथंही तसंच. प्रकाशाचे रंग मिसळतात ते आपल्या डब्यातल्या रंगासारखे मिसळत नाहीत. लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो. तेव्हा पडदा पिवळा म्हणजे निळा पोचत नाही. पडदा मोरपंखी दिसला तर लाल गेला. गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवा गेला. "सिग्नल नाही" असं लिहून काळा झाला तर तेरा-चौदाकडे बघायचं. आणि चित्र येतंय पण अक्षरं फुगलेली, ताणलेली, पाहिजे तो आकार निवडताच येत नाही, तर बारा-पंधरा.

आणखी एक सोपी खूण. पडद्याच्या खाली जे मेनूचं बटण असतं ते दाबा. तो मेनू पडदा स्वतः काढतो, संगणकाकडून येत नाही. आमच्या मेनूची पट्टी निळी आहे, ती स्वच्छ निळी दिसली. म्हणजे पडदा ठणठणीत, बिघाड केबलमध्ये किंवा डब्याच्या सॉकेटात. हे दुकानात कुणी बघितलंच नाही.

बुधवारी सकाळी बागेचं पाणी सोडून आलो आणि ओसरीवर डबा मांडला. आधी बोर्डातली पिन काढली. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आपल्याकडं वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले किती तरी घरांत सापडतात. पिन काढून मग डब्याचं चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, आत राहिलेला करंट उतरतो. आणि पंख्याच्या मागची जी पत्र्याची पेटी असते, वीजपुरवठ्याची, ती उघडायची नाही. तसंच कुणाकडे जुना, पेटीसारखा खोल पडदा असेल तर त्याच्या आत हात घालायचा नाही. त्याच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहतात.

केबल सोडवायला गेलो तर तिच्या दोन स्क्रूंपैकी एक नुसता फिरेना, सॉकेटाचा षटकोनी नटच घेऊन बाहेर आला. हे पुष्कळ वेळा होतं, स्क्रू नटात गंजून बसतो. नट पकडीत धरून स्क्रू उलटा फिरवला, सुटला. नट काडीपेटीत टाकून ठेवला.

केबलच्या तोंडाकडे मी थ्रिप्स बघायच्या भिंगातून पाहिलं. दहा पट मोठं दाखवणारं ते भिंग आपल्या सगळ्यांच्या खिशात असतं. पहिल्या ओळीत बरोबर मधली, तीन नंबरची पिन बुडातून तुटलेली. आणि ती गेली कुठं? डब्याच्या सॉकेटात, मधल्या भोकात अडकून बसली होती. केसभर टोक बाहेर.

मी पकडीनं धरायला बघत होतो. पकडीचं तोंड जाड, शेजारच्या भोकांवर घासायला लागलं. आमची मंडळी हातातलं निवडणं टाकून आली, म्हणाली, "अवं, सरका बाजूला. असलं काम पकडीचं न्हवं." काटा काढायचा चिमटा घेऊन बसली. आमच्याकडं बाभळीचा काटा कुणाच्या पायात मोडला की गल्लीतली पोरं तिच्याकडंच येतात. तिनं आधी सुईनं ते टोक चारी बाजूंनी हळूहळू हलवलं, ढिलं केलं, मग चिमट्यानं सरळ रेषेत ओढलं. तिरकं ओढलं असतं तर आतली पितळी पाकळी फाकली असती. दोन मिनिटांचं काम. पिन तळहातावर घेऊन म्हणाली, "एवढ्यासाठी बावीस हजार?"

तुटलेल्या पिनेच्या केबलला काही इलाज नाही. नवी केबल दोनशेच्या आत मिळते, तीच घ्यावी. पण बुधवारी तालुक्याला जायला वेळ नव्हता. ई-सेवावाल्या पोरानं त्याच्याकडची पडीक केबल दिली. तिच्या सगळ्या पिना होत्या, दोन वाकलेल्या, त्यातली एक पार आडवी झोपलेली. वाकलेली पिन सरळ करायला लोक स्क्रूड्रायव्हरनं दाबतात आणि ती मोडते. पोकळ नळी पिनेवर घालून, पिनेला आतनं आधार देत वळवली तर ती मोडत नाही. पोरांची शिसपेन्सिल असते ना, दाबली की बारीक शिसं बाहेर येणारी, तिच्यातलं शिसं काढून टाकलं की पुढचं टोक या कामाला चालतं. आमच्याकडं ती नव्हती. गोठ्यात जनावरांच्या डॉक्टरांनी ठेवलेली इंजेक्शनची एक नवी सुई होती, अठरा नंबरची. तिचं तिरकं टोक कानशीनं घासून सपाट केलं, आत राहिलेला कीस फुंकून काढला. पिनेवर बरोबर बसली. मग एका दमात नाही, थोडं उचलायचं, थांबायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा थोडं. पितळ एकदा वाकलं आणि एकदा सरळ झालं तर टिकतं. पाच वेळा इकडं-तिकडं केलं की मोडणारच. शेवटी ओळीत सगळ्या सारख्या उंचीच्या आणि सारख्या अंतरावर आहेत का ते बाजूनं डोळा लावून बघितलं, पेरणीच्या ओळी बघतो तसं.

केबल लावली. पिवळंच. सॉकेट थोडं वर दाबून धरलं की निळा यायचा, सोडलं की जायचा.

इथं मात्र मल्टिमीटर काढावा लागला. मोटारीच्या स्टार्टरसाठी घेतलेला साधा आहे. डबा बंद, वायर काढलेली. सॉकेटाच्या भोकात बारीक तार घालून एक आणि सहामध्ये ओहम बघितले, मग दोन आणि सात, मग तीन आणि आठ. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, तिन्ही रंगांना सारखा यायला पाहिजे. लाल आणि हिरव्याला सारखा आला. निळ्याला काहीच नाही, मीटर उघडा. म्हणजे भोकापासून बोर्डापर्यंत कुठंतरी तार तुटलेली. सॉकेट हलतंय, दाबलं की येतंय, तेव्हा डाख सुटला असणार असा अंदाज बांधला.

बोर्ड बाहेर काढायच्या आधी मोबाइलवर दहा-बारा फोटो काढले. कुठली वायर कुठं, लाल पट्टी कुणीकडं. पुढच्या बटणांच्या त्या चार-पाच बारीक वायरी असतात, त्यांचा तर दोनदा फोटो. स्क्रू काडीपेट्यांत, पेटीवर पेन्सिलनं लिहून. धूळ एवढी होती की रब्बीची पेरणी झाली असती. ती रंगाच्या नव्या ब्रशनं झाडली. बोर्डाला हात लावायच्या आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरते. थंडीत, कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर घालून बसू नये. मी काढून ठेवला.

बोर्ड पालथा करून उन्हाकडं धरला आणि भिंग लावलं. पंधरा टाके तीन ओळींत, आणि दोन्ही बाजूंना सॉकेटाचे पत्र्याचे जाड पाय. तीन नंबरच्या टाक्याभोवती गोल चीर, जमीन वाळल्यावर खोडाभोवती पडते तशी. आणि दोन्ही जाड पायांपैकी एकाचा डाख पूर्ण उखडलेला. म्हणजे सगळा भार पिनांनीच पेलला होता आणि त्यातली एक गेली. बोर्डावरची तांब्याची रेघ मात्र शाबूत होती. ती उखडली असती तर माझ्यासारख्याचं काम नव्हतं, तिथं मी थांबून डिस्क काढली असती.

माझ्याकडं पंचवीस वॉटची कावी आहे, बॅटरी पंपाच्या वायरी जोडायला. तीन नंबरच्या टाक्याला आधी थोडी फ्लक्स लावली, कावीचं टोक पिनेला आणि बोर्डाच्या कड्याला एकदम टेकवलं, थोडा नवा डाख दिला, दोन-तीन सेकंदांत उचलली. नवा डाख का, तर बोर्डावरचा मूळ डाख शिसं नसलेला असतो, तो २१७ अंशांच्या पुढं वितळतो. आपला साधा साठ-चाळीसचा, कथील आणि शिसं, तो १८३ पासूनच मऊ व्हायला लागतो. दोन्ही मिसळले की जुनाही लवकर वितळतो आणि चीर भरून येते. चांगला बसलेला टाका चकचकीत आणि उतरता दिसतो, वारुळासारखा. गोळी होऊन बसला तर तो धरलेला नाही.

जाड पायाला मात्र पंचवीस वॉट पुरेना. तो पाय बोर्डाच्या जमिनीच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो, सगळी उष्णता तांबं ओढून घेतं. कावी टेकवून टेकवून बोर्ड करपवण्यात अर्थ नाही. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याची साठ वॉटची कावी आणली. तो स्वतःच आला बघायला, येताना चहाची फर्माईश करूनच. त्याच्या कावीनं पाय दहा सेकंदांत धरला. दुसरा पाय तुटला नव्हता, पण त्यालाही थोडा डाख दिला. मग मेडिकलमधलं स्पिरिट आणि जुना दातांचा ब्रश घेऊन फ्लक्स धुऊन काढली, आणि शेजारच्या दोन टाक्यांत डाखाचा पूल झाला नाही ना ते पुन्हा भिंगातून बघितलं. मीटर लावला. लाल, हिरवा, निळा, तिन्ही सारखे.

बोर्ड बसवायच्या आधी रिवाइंडिंगवाल्यानं एक गोष्ट विचारली. "आण्णा, ह्या डब्याला हात लावला की मुंग्या येत्यात का?" येतात. पावसाळ्यात तर चांगल्याच. त्यानं सांगितलं, अर्थिंग नीट नसलं की डब्याच्या पत्र्यावर तरंगता करंट येतो, निम्म्या व्होल्टेजच्या आसपास. करंट अगदी थोडा असतो, माणसाला नुसत्या झिणझिण्या, पण चालू स्थितीत पडद्याची केबल लावली-काढली तर तोच पिनांतून उडी मारतो आणि आतली चिप जाते. म्हणून केबल लावायची ती दोन्हीकडची वीज काढूनच. आमच्या घराचं अर्थिंग जुन्या न्हाणीच्या मागं होतं, न्हाणी पाडली तेव्हापासनं तिथं पाणी जात नाही, खड्डा ठणठणीत कोरडा. त्याच दिवशी संध्याकाळी खणून बघितलं, पट्टी खाऊन गेलेली. नवी पट्टी, कोळसा, मीठ आणि वरनं पाण्याची नळी. हे काम त्याच्याच हातानं करून घेतलं. ज्यांच्या घरी फ्रिजला, पिठाच्या गिरणीला मुंग्या येतात त्यांनी आधी हे बघा, संगणक नंतर.

फोटो बघून बघून वायरी बसवल्या. त्यात दीड तास गेला, सगळ्यांत जास्त. केबलचे दोन्ही स्क्रू हातानं हलके आवळले, पकडीनं नाही, आणि केबलला टेबलाच्या पायाला सुतळीनं एक सैल गाठ मारली. ड्रिपची लॅटरल बांधतो तशी. आता ओढ बसली तर गाठीला बसेल, सॉकेटाला नाही.

रात्री सव्वानऊला बटण दाबलं. पडदा आला. पांढरा पांढरा, निळा निळा. मागं लेकीनं लावलेला फोटो आहे, ओढ्याकडच्या प्लॉटचा, वर आभाळ. ते आभाळ बघून मंडळी म्हणाली, "झालं बया." आणि आत गेली, भाकरी तव्यावर होती.

लेकीला लगेच व्हिडिओ कॉल लावला. तिनं मला पडद्याकडं फिरवायला लावलं, रजिस्टर उघडायला लावलं, आणि पहिलं काय बोलली तर, "बाबा, दोन नंबरच्या प्लॉटचा पाऊस तुम्ही चुलत्यांच्या रकान्यात टाकलाय." म्हटलं, तो पाऊस त्यांच्याच बांधावर मोजला होता, पावसाचं माप तिकडं आहे. मग तिनं शेजारी एक नवा रकाना करून घेतला. अर्धा तास आम्ही दोघं ते करत बसलो. मी दोन बोटांनी, ती तिकडनं सांगत. जावईबापू मागनं जेवायला हाक मारत होते.

खर्च लिहून ठेवतो, कारण विचारणार आहातच. फ्लक्स आणि डाख नव्वद रुपये, स्पिरिट चाळीस, अर्थिंगची पट्टी आणि मजुरी वेगळी, ती घराच्या खात्यात. केबल फुकट, पण लग्न झालं की नवी घेऊन त्या पोराला देणार आहे. अठरा नंबरची सुई डॉक्टरांना दुसरी आणून दिली.

कुणी करणार असेल तर एवढंच सांगतो. डब्यात पडद्याचं वेगळं कार्ड लावलेलं असेल तर बोर्ड काढायचीही गरज नाही, कार्ड काढून तेच बघायचं. आणि लॅपटॉपच्या सॉकेटाला या पद्धतीनं हात लावू नका, त्याचे टाके इतके जवळ असतात की आपली कावी तिथं म्हणजे सुईच्या नेढ्यात पहार.

शुक्रवारी निर्यातदाराचा माणूस आला. छाटणीपासूनचं रेकॉर्ड छापून दिलं, बॅच नंबर, बिल नंबर सगळं. त्यानं तीन तारखा डायरीशी ताडून बघितल्या, जुळल्या. शनिवारी नमुना काढून नेला. अहवाल अजून आलेला नाही. ओढ्याकडच्या प्लॉटची गोडी काल सोळा आली, वरच्या प्लॉटची सतरा. थंडी कमी झाली तर आठ-दहा दिवसांत काढणीला येईल असं वाटतंय. अहवाल आला की इथं टाकतो.